आत्याचा डावखुरा बेडूक

आमच्या घरात कुणी थाप मारली की "आला आत्याचा बेडूक" असं म्हणायची पद्धत होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणी परळच्या चाळीत, गणपतीत, तिने एक कार्टून पाहिलं होतं. घागरा घातलेली पाणघोडी गाते, घड्याळ स्वतःचेच काटे काढून हवेत उडवतं आणि झेलतं, मग एक डावखुरा बेडूक येऊन व्हायोलिन वाजवतो. वडील तेव्हा पाळण्यात, त्यामुळे घरात साक्षीला कुणी नाही. ती सांगू लागली की ते समोरच्याला डोळा मारायचे. गेल्या वर्षी माझ्या नव्या जावयासमोरही त्यांनी तेच केलं. आत्या बोलणं अर्धवट टाकून स्वयंपाकघरात निघून गेली आणि माझं डोकं सणकलं. ऐंशी वर्षांच्या बाईला घरातच खोटं पाडायचं म्हणजे काय?

मी इंटरनेटवर शोधायला लागले. ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा, शिट्ट्या होईपर्यंत बेडूक शोधायचा. चार महिन्यांनी एक कार्टून सापडलं. आठ मिनिटांचं, काळं-पांढरं, नाव भलत्याच लिपीत. पाणघोडी दिसली आणि मी तिथेच थांबवलं. पुढचं बघायचा पहिला मान आत्याचा होता.

रविवारी दुपारी, भांडुपच्या आमच्या घरात, टीव्हीवर लावलं. पाणघोडीने तान घेतली तशी वडिलांनी पेपर खाली ठेवला. घड्याळाने काटे उडवले तेव्हा आत्याने माझा गुडघा घट्ट धरला. मग बेडूक आला. व्हायोलिनचा गज उजव्या हातात.

"हा तर उजवा!" वडील ओरडले. "काय गो अक्का, तुझा डावखुरा ना? हे दुसरंच काहीतरी आहे."

मी चित्र थांबवलं. इतकी खटपट करून मीच तिची वाट लावली, असं वाटून मला रडू यायला लागलं.

आत्या मात्र उठली, कपाटातून कुंकवाचा आरसा घेऊन आली आणि टीव्हीकडे पाठ करून बसली.

"गणपतीत सिनेमा दाखवायचे तेव्हा आपण पोरं कुठे बसायचो रे?"

"पडद्याच्या मागे," वडील म्हणाले. "पुढे सगळी मोठी माणसं."

"आणि मागून नावं कशी दिसायची?"

"उलटी," असं म्हणता म्हणताच ते वळून टीव्हीकडे बघू लागले.

"ये इकडे. बघ आता."

ते गुडघे धरत उठले आणि तिच्या खांद्यावरून आरशात वाकले. आरशातला बेडूक चक्क डावखुरा होता. मी अशी किंचाळले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"माझा चुकला गो अक्का," वडील हळूच म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"ते ऱ्हाऊ दे. आता तो व्हायोलिन खाणार. तारांसकट."

"हे आधी कधी बोलली नाहीस?" मी विचारलं.

"वाजवण्यावरच कुणाचा विश्वास नव्हता. खाण्याचं कोणाला सांगू?"

मी चित्र पुढे सोडलं. बेडकाने वाजवणं संपवलं, वाकून नमस्कार केला, व्हायोलिनचा वास घेतला आणि कडकन पहिला घास तोडला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वडिलांनी वाजवल्या.