बोडीवरची प्रार्थना

रविवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही तिघं बोडीवर प्रार्थनेला जायचो: मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारा लहान तलाव. सावली तालुक्यात अशा बोड्या गावोगाव आहेत. आमची बोडी डांबरी रस्त्यापासून सहाशे चाळीस पावलांवर आहे. माझं पाऊल अडीच फुटांचं. जमीन मोजणीच्या कामात पंचवीस वर्षं गेल्यावर माणूस रस्त्याने नुसता चालत नाही, रस्ता मोजत चालतो.

करोनात प्रार्थनामंदिर बंद झालं तेव्हा हे सुरू झालं. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. घरात बसून तीच चार गाणी म्हणायचा बायकोला कंटाळा आला आणि ती म्हणाली, "चला, बाहेर तरी बसू. भिंतीकडे पाहून गाणं निंगत नाई." मंदिर पुन्हा उघडलं तरी पाळक महिन्यातून एकदाच येत, म्हणून बाकीचे रविवार बोडीचेच राहिले. बोडीच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, टोकाला मोहाचं एक जुनं झाड आहे. त्याच्याखाली चटई टाकायची, स्तोत्र वाचायचं, मी प्रार्थना करायची आणि मग ज्याने त्याने आपलं काही तरी करायचं. बायको गाणं जुळवायची, मुलगी चित्र काढायची. मला यातलं काही येत नाही. मी पाण्यावरचे पक्षी मोजून वहीत लिहायचो. बायकोची गाणी साधी असत, बोडीतल्या कमळाच्या देठांवर, बगळ्यांवर, शेतात वाकलेल्या बायांवर. पण ती बोडीवर सुचलेली आहेत हे ऐकताक्षणी कळायचं. घरात तिला तशी एकही ओळ सुचली नव्हती.

माझी प्रार्थना ठरलेली असे. सात मागण्या: मंडळी, देश, पाऊसपाणी आणि पीक, आजारी माणसं, दूरचे नातेवाईक, आपलं घर, आणि शेवटी पापांची क्षमा. एका मागणीला साधारण एक मिनिट. सात मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि बोलायचं नाही. हे नियम माझ्या वडिलांनी मला लावले होते, मी मुलीला लावले.

एकदा मी तिला पकडलं. आमेन झाल्यावर म्हणालो, "तू डोळे उघडले होते."

"तुम्हाले कसं माहीत?" ती म्हणाली. "तुमचे मिटले होते ना?"

बायकोने पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं, की प्रार्थनेत डोळे उघडले किंवा मधे बोललं, तर त्या रविवारी चित्रकलेची वही मिळणार नाही. त्या दिवशी वही माझ्या पिशवीतच राहिली. ती रडली नाही. घरी येईपर्यंत काठीने धुळीत रेघा ओढत आली.

वाघाची आम्हाला कल्पना नव्हती असं नाही. आमच्या भागात ती सगळ्यांनाच असते. शेजारच्या गावातली एक बाई सरपणाला गेली होती, ती परत आली नाही. माणसं शोधायला गेली तेव्हा जे सापडलं ते कोणी घरी सांगितलं नाही. पण माणूस आपल्या जागेला जंगल म्हणत नाही. जंगल पलीकडे आहे असं वाटतं. आमच्या मोहापासून जंगलाची कड नकाशावर चारशे मीटर होती, आणि मी नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस.

बोडीवर एक ढिवर काका मासे धरायला यायचे, सोबत त्यांची बायको. काका कमरेइतक्या पाण्यात जाळं लावत आणि काकी काठावर त्यांच्याकडे पाठ करून तासन्‌तास बसून राहत. पहिले काही महिने मला वाटत होतं, की नवराबायकोचं भांडण आहे.

त्या नोव्हेंबरमधल्या रविवारी ते दोघं आले नव्हते. धान कापणीला आलं होतं, पाळीखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, छातीइतकं उभं. पाळीच्या उतारावर गवत वाळलेलं. ऊन चांगलं होतं. मी पाणकावळे मोजले, अकरा. स्तोत्र वाचलं. डोळे मिटले. सात मागण्या केल्या. आमेन म्हटलं.

मुलीने लगेच वही ओढली आणि नेहमीसारखं इकडेतिकडे न बघता काढायला लागली. खाली मान घालून, भराभर. एरवी ती आधी दहा मिनिटं बघते. मी पक्षी पुन्हा मोजायला वर पाहिलं, तर पाण्यावर एकही नव्हता. मग तिच्या वहीत पाहिलं.

उभ्या रेघा होत्या, धानाच्या. त्यातून एक तोंड आणि दोन पुढचे पाय. डाव्या कानाला खाच.

"हे काय?"

"वाघ."

"कशातून काढला?"

"तिथून." तिने पेन्सिलीने दाखवलं. पाळीखाली, जिथे बांधी संपून गवत लागतं तिथे. आता तिथे काही नव्हतं.

"केव्हा?"

ती गप्प. मी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आजारी लोकायसाठी मागून राह्यले होते, तेव्हा आला. बसला. मग तुम्ही आपल्या घराचं म्हणाले तेव्हा उठला."

चौथी मागणी ते सहावी. दोन मिनिटं, जास्तीत जास्त अडीच. हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. बायको उठून उभी राहिली होती. तिने मुलीचा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटांचे वळ होते.

सहाशे चाळीस पावलं परत जायचं होतं. पहिली साडेतीनशे पाळीवरून, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला तेच धान. उरलेली दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावरून. दुसरी वाट नाही. फोनला तिथे रेंज नसते. चटई तिथेच सोडली. बायको पुढे, मुलगी मधे, मी मागे, आणि मी उलटा चालत होतो, धानाकडे तोंड करून. वाघ पाठीमागून येतो हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं.

"गाणं म्हण," मी बायकोला म्हणालो. "मोठ्यानं."

तिने सुरू केलं. दोन ओळी झाल्या आणि आवाज फुटला. तेव्हा मुलीने पेन्सिलींच्या डब्याचं झाकण काढून त्यावर पेन्सिलीने वाजवायला सुरुवात केली आणि बायकोने तेच गाणं पुन्हा, बेसूर, ओरडून म्हटलं. वारा आला की धान हलायचं. दर वेळी मला वाटायचं, आता. मी पावलं मोजत होतो, पण आकडे चुकत होते. दोनशे दहानंतर पुन्हा एकशे नव्वद. आयुष्यात पहिल्यांदा माझी मोजणी चुकली. प्रार्थना एकही केली नाही. डोळे मिटण्याची हिंमत नव्हती, आणि उघड्या डोळ्यांनी देवाशी बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

डांबरी रस्त्यावर पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून निघेल इतका भिजला होता. समोरून ढिवर काका सायकलवर येत होते, मागे काकी. आमची तोंडं पाहून उतरले. मी सगळं सांगितलं.

"काऊन जी मोजणीभाऊ," काका म्हणाले, "तिघंच्या तिघं डोये मिटून बसले होते? एकानं तं उघडे ठेवा लागते ना. मी पान्यात रायतो तं हे रानाकडं पाह्यते. काय मले हिचं तोंड आवडत नाई म्हनून पाठ करून बसवतो?"

"माह्यं तोंड वाघाले दाखवते हा मानूस," काकी म्हणाली.

"तुमचा देव डोये मिटल्याबिगर आयकतच नाई का?" काकांनी विचारलं.

ते टोचून बोलत होते, पण घरापर्यंत सोबत आले.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. मोहाच्या झाडापासून त्या जागेपर्यंत मी अंतर काढलं. बत्तीस पावलं, ऐंशी फूट. ओल्या मातीत पंजे स्पष्ट उठले होते आणि बसल्याने गवत दबलेलं होतं. वनरक्षक म्हणाला, वाघीण असावी. बसलेलं माणूस तिला जनावरासारखं दिसतं. "नशीब तुमचं," तो म्हणाला. बायको म्हणाली, "नशीब नाई, आयकलं त्यानं. घराचं मागितलं अन् तो उठला." ती अजूनही तसंच मानते. मला ते इतकं सरळ मानता येत नाही. शेजारच्या गावच्या त्या बाईसाठीही कोणी तरी काही मागितलं असेलच.

पण वाघापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती जास्त वाटायला लागली होती. ती मी तीन दिवस पोटात ठेवली. चौथ्या दिवशी मुलीच्या वेण्या घालून झाल्यावर तिला जवळ बसवून विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग हाक का नाही मारली? वही जाईल म्हणून?"

"थोडंसं वहीसाठी." ती रिबीन बोटाला गुंडाळत होती. "पन तुम्ही देवाशी बोलून राह्यले होते. मधात कशी बोलू?"

अडीच मिनिटं ती एकटी बसली होती. आईबाप हाताच्या अंतरावर, दोघांचे डोळे मिटलेले. ऐंशी फुटांवर वाघ, आणि माझ्या नियमाखाली ती गप्प. पुढे आणखी काय काय तिला दिसेल आणि ती बोलणार नाही, याचा मला अंदाज करता येईना. तिला म्हणालो, "केव्हाही बोल. मी कोणाशीही बोलत असलो तरी." तिने मान हलवली. लहान मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी.

त्यानंतर कितीतरी दिवस मला डोळे मिटून प्रार्थना करता आली नाही. जेवताना, निजताना, पाळक आले तेव्हाही मी डोळे उघडे ठेवून माणसांच्या मिटलेल्या पापण्या बघत बसायचो. पाप केल्यासारखं वाटायचं आणि मिटले की ते गवत दिसायचं.

माघ लागला. धान कधीच कापून झालं होतं, बांध्या उघड्या पडल्या होत्या. बायको म्हणाली, जाऊ. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मंग ह्या पोरीच्या मनात तेवढंच राहीन." काका-काकी तिथे असतील अशी खात्री करून गेलो. बसलो नाही. तिघं पाठीला पाठ लावून उभे राहिलो, तीन दिशांना तोंडं, डोळे उघडे. नियम मीच सांगितला.

मी सुरू केलं. पाऊसपाणी म्हणताना समोर बोडी होती, अर्धी आटलेली, कडेला चिखल आणि त्यात बगळ्यांचे पाय. पीक म्हणताना धसकटं होती. ज्याने हे सगळं घडवलं त्याच्याशी बोलायला आम्ही इतकी वर्षं इथे येत होतो, आणि आल्याबरोबर डोळे मिटत होतो. भीती गेली नव्हती. पण ज्याच्यासाठी मागत होतो ते मला पहिल्यांदा दिसत होतं, आणि माझे ठरलेले शब्द त्याला पुरत नव्हते.

आजारी माणसांच्या मागणीपर्यंत पोचलो आणि माझ्या पाठीमागून मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा."

मी अर्ध्या वाक्यात थांबलो. वळून तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. पलीकडच्या काठावर गवताचा एक पट्टा हलत होता. काकी उठून उभी राहिली होती. काका पाण्यातून वळले. आम्ही पाहत राहिलो, किती वेळ ते मी मोजलं नाही. गवत शांत झालं. काही निघालं नाही.

"काही नव्हतं," मुलगी पुटपुटली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी रागावतो का ते बघायला.

"बरं केलंस," मी म्हणालो. "अजून बघ. तू सांगशील तेव्हा पुढचं म्हणतो."

ती बराच वेळ बघत राहिली.