बदललेली बंडी

तर फुटबॉल संघाचा तो आकडेवाला पोरगा संगणकाचा पडदा बघून चरकलाच! सरावात प्रत्येकाची धाव बंडीतलं यंत्र मोजायचं. आज आकड्यांत दुखऱ्या गुडघ्याचा कॅप्टन हरणासारखा पळालेला आणि सगळ्यांत चपळ गडी मात्र रखडलेला. दोघांनी बंड्या बदलल्या होत्या, नक्कीच! पण स्वतःचा गुडघा कामातून जाऊन आकडेवाल्याचा खेळ सुटला, तेव्हा त्याला या खुर्चीवर कॅप्टननंच बसवलं होतं.

कोच आत आले. "काय रे पंचांग, उद्या फायनलला कॅप्टनला उतरवू ना?"

त्यांच्या पाठीमागून कॅप्टननं हळूच हात जोडले. आकडेवाल्यानं पडदा कोचकडे वळवला.

"सर, हे आकडे कॅप्टनदादाचे नाहीत. जन्मभर माझ्याशी अबोला धरू दे त्याला, पण माझ्यासारखा लंगडायला नको."