पैसे दिलेली वर्षे

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या वर्षांत मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कृषी महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. संस्थेने खर्च आवरला आणि परदेशी संशोधनपत्रिकांची ऑनलाइन वर्गणी बंद केली. मी विरोध केला नाही. नवे अंक येणार नाहीत, हे मान्य होते. जुने बंद होणे मान्य नव्हते.

ते झालेच. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची एक विद्यार्थिनी बोंडअळीवर प्रबंध लिहीत होती. ती टेबलापुढे येऊन उभी राहिली.

“सर, काल उघडत होतं, आज नाही उघडून राह्यलं. प्रबंध याच महिन्यात द्याचा हाय. नाही देल्ला तर वर्ष जाते माह्यं.”

“जुने अंक की नवे?”

“जुनेच. अळीवरचं सारं त्यातच हाय.”

तिला बसायला सांगून मी पत्रिका पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. तो बोरी अरबचा, शेतकऱ्याच्या घरचा.

“सर, वर्गणी संपली. आता दुकान बंद,” तो हसत म्हणाला.

“शेताचा मक्ता पाडव्याला संपतो. त्याआधी वेचलेला कापूस कोणाचा?”

“मक्तेदाराचा. त्यात काय विचारता?”

“मग आमचा कापूस द्या.”

“सर, मक्तेदार कापूस आपल्या घरी नेते. तुमचा तर आमच्याच कोठ्यात पडून हाय. किल्लीही आमच्याचजवळ.”

माणूस हुशार होता. अडचण नेमकी तीच होती. छापील अंक कपाटात राहतो. हा ऑनलाइन अंक विकत घेतला तरी विकणाऱ्याकडेच राहतो. म्हणूनच करार करताना मी एक कलम घालून घेतले होते: पैसे दिलेल्या वर्षांचे अंक वर्गणी संपल्यावरही वाचता येतील आणि मागितल्यास त्यांच्या प्रती मिळतील. प्राचार्य तेव्हा वैतागले होते. “काहून अडून बसले हो तुमी? चहा थंडा होऊन राह्यला.” तो थंडच प्यालो.

ते कलम फोनवर वाचून दाखवले. पलीकडचे हसणे थांबले.

“साहेबांले विचारून सांगतो.”

“विचारा. आणि प्रतीही पाठवा. उद्या तुमचा कोठाच विकला गेला, तर मी कोणाच्या दारात उभा राहू?”

त्याच आठवड्यात जुनी वर्षे उघडली. पुढे तो स्वतः हार्ड डिस्क घेऊन आला. सगळे अंक मी महाविद्यालयाच्या संगणकावर उतरवून घेतले आणि प्रत्येक वर्षातला एकेक लेख उघडून पाहिल्यावरच पोच दिली.

“भरवसा नाही का सर आमच्यावर?”

“कापूस मोजून घेतात,” मी म्हणालो.

विद्यार्थिनीने प्रबंध वेळेत दिला. आभारात माझा उल्लेख करू का, असे तिने विचारले. नको म्हणालो. संदर्भांची यादी मात्र काटेकोर तपासून दे, एवढे सांगितले.