मालकाची डुलकी

लहानूभाऊ गडचांदूरला चुनखडीच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला आहे, पण त्याची खरी नोकरी एक मेची. आमच्या लाल बावट्याच्या कलापथकात वीस वर्षं तो मालक होता. मी ढोलकीवर असतो, म्हणून सांगतो: बाकी नाटक लोक सोसत, मालक बघायला येत.

काळा कोट त्याच्या बायकोने, मैनाने, शिवलेला. खुर्ची घरचीच. पायावर पाय टाकून तो कामगारांना विचारी, "बोला, काय गऱ्हाणं हाय?" आणि गऱ्हाणं सुरू झालं की डोळे मिटून घोरू लागे. आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांत वन्स मोर गाण्याला मिळतो. या पठ्ठ्याने तो घोरण्यावर मिळवला.

युनियनचे सेक्रेटरी प्रफुलभाऊ सज्जन माणूस, पण विनोदाशी त्यांचं वाकडं. गेल्या वर्षी बैठकीत म्हणाले, "लोकं मालकावर खूश होऊन राह्यले. हे आपल्या विचारात बसत नाई. लहानू पुढारी करन, मालक मी करून दाखवतो."

ठराव मंजूर झाला. शिस्तीचा माणूस, लहानूनेही हात वर केला. घरी मात्र ताटावरून उठला.

"युनियननं बढती देल्ली तुमाले, तोंड काऊन पाडता?" मैना म्हणाली.

"मालक गेला ना माह्या हातचा," तो म्हणाला.

एक मेला चौकात गर्दी मावत नव्हती. लहानू झेंडा घेऊन आला, घोषणा दिली आणि वीस वर्षांच्या सवयीने तडक खुर्चीत जाऊन बसला. पायावर पाय. मागून कोटाच्या बटणांशी झटापट करत प्रफुलभाऊ आले. बघतात तर बसायला जागाच नाही.

"ऊठ, लहानू," ते हळूच म्हणाले.

लहानूचं चित्त कुठे ठिकाणावर? कानावर शब्द पडताच तोंडातून निघून गेलं, "बोला, काय गऱ्हाणं हाय?"

प्रफुलभाऊ संवादच विसरले. खरं तेच बोलले, "मले बसाले जागा नाई."

लहानूने डोळे मिटले आणि घोरायला लागला. लोक हसून लोटपोट. तीन वन्स मोर झाले, आणि तिन्ही वेळा प्रफुलभाऊंनी जागा मागितली. तिसऱ्यांदा तर हात जोडून, रडवेला आवाज काढून.

कमिटीने अहवालात लिहिलं की, कामगारांच्या हाती सत्ता येण्याचं दृश्य परिणामकारक झालं. लहानू चुकला होता, हे कोणी लिहिलं नाही.

यंदा तालमी सुरू व्हायच्या आधी तो मला घेऊन युनियनच्या ऑफिसात गेला. प्रफुलभाऊ टेबलामागे बसले होते. कोट त्यांनी मैनाकडून ढिला करून घेतल्याचं आम्हाला ठाऊक होतं.

"बोल लहानू, काय गऱ्हाणं हाय?"

"मालक मले वापस द्या, भाऊ. दुसरं कायी नाई मांगत."

तो बराच वेळ बोलला. इतकं मनापासून बोलताना मी त्याला स्टेजवरही पाहिलं नव्हतं. बोलणं संपलं तेव्हा प्रफुलभाऊंचे डोळे मिटलेले होते. वीस वर्षं मी ज्या डुलकीवर हसलो, तिच्यावर त्या दिवशी हसू आलं नाही.

बाहेर येऊन लहानू म्हणाला, "माह्यापेक्षा बेस जमते त्यायले."