मागच्या आसनावरून

टी. नगरातून फोन आला तो माझ्या जुन्या मित्राच्या पत्नीचा. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावे लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तो जगेल, पण बोलू शकणार नाही. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. रविवारी सकाळीच गाडी काढली. तो आवाज मला एकदा ऐकायचा होता.

युद्धात तो माझा नेव्हिगेटर होता. आमचे बॉम्बर विमान दोघांचे. मी पुढे, तो माझ्या पाठीमागे, नकाशे आणि उपकरणे यांच्या अरुंद खोबणीत. उड्डाणात त्याचा चेहरा मला कधी दिसला नाही. दिवे मालवलेल्या मुलखावरून जाताना हेल्मेटमध्ये जो आवाज येई, तेवढाच तो. विमानात इंग्रजी बोलण्याचा नियम होता. आम्ही मराठी बोलत असू; तक्रार करायला तिसरा माणूस नव्हता. माझी मराठी साताऱ्याची. त्याची तंजावरची, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, जुन्या वळणाची, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल घेणारी. पहिल्या दिवशी मी हसलो होतो. युद्ध सुरू झाल्यावर त्या हेलाशिवाय मला विमान वळवता येईना. खालून तोफांचा मारा होत असताना, भाजीचा भाव सांगावा तसा तो कोर्स, म्हणजे पुढची दिशा, सांगे.

पुढे डोळ्यांमुळे माझे उड्डाण बंद झाले. बढत्या मिळाल्या, टेबले मिळाली, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो. त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मुलाला त्याच्याच शहरात, शोळिंगनल्लूरला नोकरी लागली, तेव्हा पुण्याचे घर सोडून वेलचेरीला यायला मी लगेच तयार झालो. उतारवयात मुलाजवळ राहावेसे वाटले असेल, असे लोक समजले. मी तो समज राहू दिला.

दार त्याच्या पत्नीने उघडले.

"या भावोजी. पण ह्यांना बोलू द्यायचं नाही हं. बोलले की खोकला सुटतो, रक्त पडतं."

"मी काही विचारणार नाही."

"तुम्ही नाही हो विचारणार. हेच गप्प बसायचे नाहीत."

तो झोपाळ्यावर बसला होता. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. माझ्याकडे पाहून त्याने ओठांवर बोट ठेवले आणि डोळ्यांनीच पत्नीकडे खूण केली, की इथे हुकूम हिचा. कॉफी आली. नातेवाईक येत होते, तमिळमध्ये धीर देऊन जात होते. मी क्रिकेटविषयी बोललो, वेलचेरीत साचणाऱ्या पाण्याविषयी बोललो. बोलणे मला जमत नाही, हे त्याला ठाऊक होते. तो मजेने ऐकत राहिला. ज्यासाठी आलो होतो, ते मागता येत नव्हते. ज्याने रक्त पडेल, असे काही मित्राकडे मागत नाहीत.

अखेर निघालो. तो फाटकापर्यंत आला. मी गाडीत बसून किल्ली लावली, तोच मागचे दार उघडले आणि तो आत येऊन माझ्या पाठीमागे बसला. मी वळून पाहिले नाही.

"सैदापेटचा पूल," मागून आवाज आला. "पूल झाला की गिंडी. गिंडीस डावीकडे. मग थेट वेलचेरी."

आवाज फाटला होता. हेल तोच होता.

नेव्हिगेटरने मार्ग सांगितला की वैमानिकाने तो जसाच्या तसा परत म्हणायचा असतो; तो बरोबर असला की हा 'शरी', तमिळमध्ये 'ठीक', म्हणे. वैमानिक गप्प राहिला, तर ऐकू गेले नाही असे धरून नेव्हिगेटर पुन्हा सांगतो. सबंध नोकरीत मी यात एकदाही चुकलो नव्हतो. त्या दिवशी मी गप्प राहिलो.

"काय रे सातारी, कान गेले काय तुझे?" तो म्हणाला. "वैद्याकडे तू जा, माझं राहू दे. ऐक. सैदापेटचा पूल. मग गिंडी. गिंडीस डावीकडे..."

इथे खोकला आला. त्याने तो पंच्यात दाबला. दारातून त्याच्या पत्नीने हाक मारली. खोकला थांबला, तरी तो उतरला नाही. उत्तर मिळाल्याशिवाय तो उतरणार नव्हता. मी गप्प राहिलो असतो, तर त्याने तिसऱ्यांदाही सांगितले असते. आणखी एकदा ऐकावे, असे मला फार वाटले.

"सैदापेटचा पूल, गिंडी, गिंडीला डावीकडे, थेट वेलचेरी," मी म्हणालो.

"शरी," तो म्हणाला आणि उतरला.