चिऊच्या तोंडावरची सावली

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही! दापोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि बनावट फोटो ओळखणं हा जोडधंदा. वकील मंडळी येतात... फोटो खरा की जोडलेला? मी कडा बघतो, सावल्या बघतो, मूळ फाइल तपासतो. लबाडी सापडतेच.

माझ्या ताईचं सासर बुरोंडीला. तिथे एक रीत आहे – घरचा माणूस बोटीवर असला की ग्रुप फोटोत त्याची जागा मोकळी सोडायची. नंतर आम्ही स्टुडिओवाले त्याला तिथे चिकटवतो.

ताईच्या दिराचं लग्न होतं. उतरत्या उन्हात सगळे मांडवाबाहेर उभे राहिले. ताईने लेकीला, चिऊला, जवळ घेतलं आणि तिच्या पलीकडे, उन्हाच्या बाजूला, एका माणसाची जागा सोडली. भावोजी गेल्या मोसमात मासेमारीला गेले ते परतलेच नव्हते.

सासू भडकली. "ती जागा जित्या माणसाची असते गो! सरक तिकडे."

"म्हणूनच ठेवलीय, आई," ताई म्हणाली. हलली नाही.

मी लागोपाठ तीन फोटो काढले. स्टुडिओत येऊन उघडले, तर मधल्या फोटोत त्या जागेवर भावोजी उभे...

ताईला दाखवला आणि घरात भडका उडाला. "बहिणीला बरं वाटावं म्हणून माझा पोर चिकटवलास?" सासू रडत ओरडली. "काढ त्याला त्यातून!"

मी चिकटवलेला नाही! स्वतःचाच फोटो मी चोराचा असल्यासारखा तपासला. फाइलला हात लागलेला नाही. पुण्यात हेच काम करणाऱ्या मित्राला काही न सांगता पाठवला, त्याचंही तेच मत. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण म्हणून न केलेली लबाडी कबूल करू? मुळीच नाही.

शेवटी तिन्ही फोटो घेऊन बुरोंडीला गेलो. सासूला म्हटलं, "काकी, हे बघा. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत चिऊने उन्हाने डोळे मिटलेत. मधल्यात बापाची सावली तिच्या तोंडावर आहे, म्हणून डोळे टक्क उघडे. त्याला काढायचं तर हे ऊन मला माझ्या हाताने तिच्या तोंडावर टाकावं लागेल. मग फोटो खोटा होईल. मी नाही करणार."

काकींनी मधल्या फोटोतल्या नातीच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"नको रे," म्हणाल्या. "ऊन नको टाकूस तिच्यावर."