उत्तर आलं नाही तर

गोंडपिपरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी आम्हाला इफ-एल्स शिकवलं ते छत्रीवरून. पाऊस असेल तर छत्री घ्या, नसेल तर राहू द्या. भर उन्हाळ्यात, तापल्या पत्र्याखाली, घाम पुसत आम्ही छत्र्यांचे प्रोग्राम लिहीत होतो. माझं डोकंच फिरलं. 'घरचं उदाहरण आणा,' असं सर म्हणाले तेव्हा मी आईचा मोह नेला.

आमच्या गावच्या बाया चैतात पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जातात. प्रत्येकीचं झाड ठरलेलं, मधे झुडपं, एकीला दुसरी दिसत नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं, म्हणून अधूनमधून हाक द्यायची, "आहेस का वो?" झाडाखालून उत्तर यायचं, "हाव!" म्हणजे हो, आहे. ज्या झाडाखालून हाव आली नाही, तिकडे सगळ्यांनी टोपल्या टाकून ओरडत धावायचं. इफ उत्तर आलं, वेचत राहा, एल्स, धावा. सरांनी ते फळ्यावर लिहिलं. मी दिवसभर तोऱ्यात होते.

घरी येताना पानठेल्यावरून आईसाठी खर्ऱ्याची पन्नी आणली, रबर गुंडाळलेली प्लास्टिकची पुडी. घोटलेली तंबाखू-सुपारी, दिवसाला एकच पन्नी, हा तिचा नेम. अंगणात फुलं पसरता पसरता तिने माझा प्रोग्राम ऐकला आणि खो खो हसली.

"अन् तोंडात खर्रा असन तं? हाव कोन म्हनन?"

खोटं नव्हतं. आमच्याकडे तोंडात खर्रा भरला की माणूस मान हलवतो, पण तोंड उघडत नाही. त्यामुळे एखादीची हाव आली नाही की बाया म्हणायच्या, खर्रा असन, आणि वेचत राहायच्या.

"मग धावता कधी?" मी विचारलं.

"रोज धावत राह्यलो तं मोह काय माकडं वेचून देतीन?"

दुसऱ्या दिवशी मी मधे एक अट वाढवली: उत्तर नाही, पण तोंडात खर्रा आहे, तर वेचत राहा. सरांनी वाचलं. "तोंडात काय आहे ते प्रोग्रामला कोण सांगणार? जे तपासता येत नाही, ते अटीत घालायचं नाही. खोड." मी खोडलं. क्लासमध्ये एक बटण दाबलं की झालं. बायांच्या डोक्यातून कोण खोडणार होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या झाडाखालून हाव आली नाही. हाक देणारीने पुन्हा विचारलं. मग कोणीतरी म्हणालं, "खर्रा असन वो." टोपल्या भरल्या. परत निघताना सगळ्या वाटेवर जमल्या, तेव्हा आई तेवढी नव्हती. मग धावल्या.

मला त्या बायांचा राग आला. अजूनही येतो. त्याच बाया दिवसभर माझ्याजवळ बसल्या, माझ्या घरी चूल पेटवली, मला घास भरवले. राग आणि घास, दोन्ही मी गिळले. ओरडायचं ते कोणावर?

पंचनामा झाल्यावर वनरक्षकाने आईचं सामान माझ्या हातात दिलं. अर्धी भरलेली टोपली आणि कमरेचा बटवा. बटव्यात मी आदल्या संध्याकाळी आणलेली पन्नी होती. तिचं रबरसुद्धा सुटलं नव्हतं.